वर्षातून एकदाच लागणारी कार्टून

डिसेंबर लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या बहुधा कुणाच्या तरी दादी किंवा नानी असतात. मुलगा शिकागोला, मुलगी न्यू जर्सीला किंवा लंडनला. रविवारी व्हिडिओ कॉलवर नातवंडं भेटतात आणि लाल नाकाच्या रेनडिअरबद्दल, हिरव्या ग्रिंचबद्दल, विरघळणाऱ्या बर्फाच्या माणसाबद्दल भरभरून बोलतात. दादीला त्यातलं काही कळत नाही. "हे काय प्रकरण आहे? आणि मुलांनी ते पाहावं का?" असं त्या विचारतात. यंदा हे पान त्याच प्रश्नासाठी ठेवलं आहे.

आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू. अमेरिकेत १९६०च्या दशकात नाताळच्या सुमारास दाखवायची काही खास कार्टून तयार झाली. बहुतेक अर्ध्या तासाची, एखाददुसरं तासाभराचं. ती वर्षातून एकदाच लागत. त्या काळी तिथे मुख्य वाहिन्या तीनच होत्या आणि घरी कार्यक्रम टिपून ठेवण्याची सोय नव्हती. दिवस आणि वेळ वर्तमानपत्रात छापून येई. आईवडील मुलांचं जेवण, अंघोळ आधीच उरकून घेत आणि सगळं घर टीव्हीसमोर बसे. त्या संध्याकाळी कुणी बाहेर राहिलं, किंवा वीज गेली, तर पुढच्या डिसेंबरपर्यंत वाट पाहायची. ज्यांनी ही कार्टून लहानपणी पाहिली तेच पुढे आपल्या मुलांना घेऊन बसले, आणि आता नातवंडांना घेऊन बसतात. साठ वर्षांत तीन पिढ्या झाल्या.

यातलं सर्वांत जुनं आणि लाडकं नाव रुडॉल्फचं. त्याचा जन्म कुठल्या धर्मग्रंथात किंवा लोककथेत झालेला नाही. शिकागोच्या माँटगोमरी वॉर्ड नावाच्या मोठ्या दुकानात जाहिरातींचा मजकूर लिहिणाऱ्या रॉबर्ट मे या नोकराला १९३९ साली सांगण्यात आलं की, नाताळात ग्राहकांच्या मुलांना फुकट वाटायला एक गोष्ट लिही. त्या वेळी त्याची बायको कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती, औषधपाण्याचं कर्ज डोक्यावर होतं आणि घरात चार वर्षांची मुलगी होती. गोष्ट लिहून होण्याआधीच, जुलैमध्ये, बायको वारली. साहेबाने हे काम दुसऱ्याला देऊ का म्हणून विचारलं, पण मे यांनी ते सोडलं नाही. चकाकणाऱ्या लाल नाकामुळे सगळे ज्याला चिडवतात, खेळात घेत नाहीत, आणि धुक्याच्या रात्री त्याच नाकाच्या उजेडामुळे जो सर्वांना वाट दाखवतो, अशा रेनडिअरची ती गोष्ट. पहिल्याच वर्षी तिच्या सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. लिहिणाऱ्याला त्यातून पगाराखेरीज काही मिळालं नाही, कारण हक्क दुकानाचे होते. पुढे १९४७ साली दुकानाने हक्क त्याच्या नावावर करून दिले आणि तो कर्जातून बाहेर आला. त्याचा मेव्हणा जॉनी मार्क्स याने त्यावर गाणं रचलं, ते १९४९ साली आलं आणि घरोघरी पोचलं. हा मार्क्स स्वतः यहुदी होता.

६ डिसेंबर १९६४ रोजी, रविवारी, एनबीसी वाहिनीवर रुडॉल्फचा चित्रपट लागला. त्यात चित्रं नव्हती, बाहुल्या होत्या. बाहुलीला केसभर हलवायचं, एक छायाचित्र घ्यायचं, पुन्हा केसभर हलवायचं, पुन्हा छायाचित्र. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशा २४ चौकटी लागतात. संस्था अमेरिकन होती, बहुतेक आवाज कॅनडात टोरांटोला ध्वनिमुद्रित झाले, आणि बाहुल्या हलवण्याचं काम जपानमध्ये तादाहितो मोचिनागा यांच्या कार्यशाळेत झालं. म्हणजे अमेरिकेच्या घराघरांतली ही ठेव टोकियोतल्या कारागिरांच्या हातची आहे. त्यांतल्या रुडॉल्फ आणि सांताच्या बाहुल्या पुढे अनेक वर्षं एका कुटुंबाच्या अडगळीत पडून होत्या. २०२० साली लिलावात त्यांना ३ लाख ६८ हजार डॉलर मिळाले, आणि घेणाऱ्याने त्या अटलांटा शहरातल्या बाहुल्यांच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या.

या चित्रपटाची एक हकीकत आम्हाला फार मोलाची वाटते. त्यात मोडक्या, विचित्र खेळण्यांचं एक बेट आहे. चौकोनी चाकांची आगगाडी, अंगावर ठिपके असलेला हत्ती, कुणालाच नको असलेली खेळणी तिथे राहतात. रुडॉल्फ त्यांना शब्द देतो की, तुमच्यासाठी मी सांताशी बोलेन. पण पहिल्या वर्षीच्या चित्रपटात शेवटी सांता त्या बेटाकडे जातच नाही! चित्रपट संपला, मुलं झोपायला गेली, आणि त्यांच्या मनात ती खेळणी तशीच राहिली. प्रेक्षकांची पत्रं आली की, दिलेला शब्द का पाळला नाही? कंपनीला ऐकावं लागलं. १९६५ साली नवं दृश्य तयार करून जोडण्यात आलं. त्यात सांता बेटावर उतरून खेळण्यांना घेऊन जातो. लहान मुलं कथेतल्या वचनाचाही हिशेब ठेवतात. घरात "ईदला घेऊन देतो", "परीक्षा झाली की नेतो" असं सहज बोलून जाणाऱ्या आम्हा मोठ्यांना ही गोष्ट माहीत असलेली बरी.

दुसरं नाव चार्ली ब्राउनचं. ९ डिसेंबर १९६५ रोजी सीबीएस वाहिनीवर तो पहिल्यांदा दिसला. चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रमालिकेतला हा सदा हिरमुसलेला मुलगा. सणाची सगळी धामधूम चालू आहे आणि त्याच्या मनाला आनंद वाटत नाही. त्याचा कुत्रा स्नूपी सजावटीच्या स्पर्धेतलं रोख बक्षीस मिळवायला आपलं घरटं दिव्यांनी मढवतो. धाकटी बहीण सांताला पत्र लिहिते, तीत शेवटी रोख पैसेच मागते. झाड आणायला पाठवलं तर चार्ली ब्राउन चकचकीत ॲल्युमिनियमची झाडं सोडून एक मरतुकडी, खरी फांदी घेऊन येतो, आणि सगळे त्याला हसतात. शेवटी तीच मुलं तिला सजवतात.

वाहिनीच्या साहेबांना हा चित्रपट दाखवला तेव्हा तो आवडला नव्हता. फार संथ आहे, असं त्यांचं मत पडलं. मोठ्या कलाकारांच्या जागी खऱ्या मुलांचे आवाज, मागे खोटं हसू नाही, संगीत जॅझचं. आवाज देणारी एक मुलगी इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं, तिला एकेक वाक्य सांगून तिच्याकडून बोलवून घ्यावं लागलं. पण तारीख जाहीर झाली होती, म्हणून दाखवला. त्या वेळी सुरू असलेल्या टीव्हींपैकी जवळजवळ निम्म्या टीव्हींवर तोच चालू होता. पुढे त्याला एमी पुरस्कारही मिळाला. आणि गंमत पाहा: सणाचा बाजार झाला म्हणून हळहळणाऱ्या या चित्रपटाचा खर्च उचलला होता कोका-कोला कंपनीने.

अशीच गंमत ग्रिंचची. डॉ. स्यूस यांच्या १९५७ सालच्या पुस्तकावरून चक जोन्स यांनी केलेला हा चित्रपट १८ डिसेंबर १९६६ रोजी आला. डोंगरावर राहणाऱ्या कुढ्या ग्रिंचला खालच्या गावातला आनंद सहन होत नाही. तो रातोरात सगळ्यांच्या घरातल्या भेटवस्तू, सजावट, खाणंपिणं, अगदी शेवटच्या घासापर्यंत सगळं लुटून नेतो. सकाळी रडणं ऐकायला कान लावून बसतो, तर गावकरी हात धरून गात असतात. वस्तू नेल्या, सण नेता आला नाही. या चित्रपटाला पैसा पुरवला होता बँकांच्या एका संघटनेने! पुस्तकात ग्रिंच काळ्या-पांढऱ्या रेघांचा होता. त्याचा हिरवा रंग, ज्यावरून आज नातवंडं त्याला ओळखतात, तो चक जोन्स यांनी दिलेला. बर्फाचा माणूस फ्रॉस्टी १९६९ साली आला, आणि त्याचंही चित्रकाम जपानमध्येच झालं.

लंडनच्या नातवंडांचा बर्फाचा माणूस मात्र निराळा. रेमंड ब्रिग्ज यांच्या पुस्तकावरून केलेला तो चित्रपट २६ डिसेंबर १९८२ रोजी ब्रिटनमध्ये चॅनल फोरवर पहिल्यांदा लागला. त्यात एका गाण्याखेरीज शब्दच नाहीत. मुलगा रात्रभर बर्फाच्या मित्राबरोबर आकाशात हिंडतो, आणि सकाळी अंगणात टोपी, मफलर आणि थोडं पाणी उरलेलं असतं. मूल रडतं, आई जवळ घेते. पडद्यावरच्या दुःखाला घरात कुणीतरी सोबत असणं किती गरजेचं, ते हा चित्रपट पाहताना कळतं.

स्वीडनची तऱ्हा तर याहून वेगळी. तिथे सहा दशकांहून अधिक काळ २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता सरकारी वाहिनीवर डोनाल्ड डक आणि मंडळींचा जुना कार्यक्रम लागतो. जवळपास तोच, दरवर्षी. लोक जेवणाची वेळ त्यावरून ठरवतात. प्रत्येक संवाद पाठ असलेली आजोबा मंडळी नातवंडांच्या आधी तो म्हणून टाकतात. नवं काही दिसणार नाही, हे सर्वांना माहीत असतं आणि तरी सगळे बसतात.

हे सगळं टिकलं कशामुळे? आम्हाला तीन कारणं दिसतात. एक, ते क्वचित मिळायचं. दुसरं, तेच ते पुन्हा मिळायचं, म्हणून आजीला आणि नातीला बोलायला एकच गोष्ट होती. तिसरं, घरात पडदा एकच होता. कुणाला आवडो न आवडो, सगळे एका दिशेला तोंड करून बसत, आणि मधल्या जाहिरातींत एकमेकांशी बोलत.

मग व्हिडिओ कॅसेट आली, केबल आली, आणि आता मोबाइल आला. आज रुडॉल्फ जून महिन्यातही पाहता येतो, एकट्याने, कानात बोंडं घालून. आणि एक मोठा बदल मालकीचा झाला. २०२० साली चार्ली ब्राउनचे हक्क ॲपलच्या पैसे भरून पाहायच्या सेवेकडे गेले आणि पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा तो कुठल्याच खुल्या वाहिनीवर लागणार नाही, अशी बातमी आली. लोक संतापले, सह्यांची मोहीम झाली. तेव्हा त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तो तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर, जाहिरातींशिवाय दाखवला गेला. २०२२पासून मात्र तो ॲपलच्याच सेवेवर राहिला, थोडे दिवस सर्वांना मोफत पाहता येण्याची सवलत ठेवून. कायद्याने कंपनीचं काही चुकलं नाही. वस्तू तिची आहे. पण तीन पिढ्यांनी जे आपलं घरगुती समजलं होतं, त्याची किल्ली कुणा दुसऱ्याच्या खिशात होती, हे लोकांना त्या दिवशी समजलं. घराची रीत जर संपूर्णपणे विकतच्या वस्तूवर उभी असेल, तर विकणारा ती हवी तेव्हा हलवू शकतो.

आता दादींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मुलांनी हे पाहावं का? फतवा देणं आमचं काम नाही, ते उलेमांचं काम. पण निर्णय घेताना माहिती हवी, एवढं सांगता येईल. हजरत ईसा (अ.) यांच्याविषयी आपल्या घरात आदरच आहे. कुरआन शरीफमधल्या १९व्या सूरहचं नावच त्यांच्या मातोश्रींवरून सूरह मरयम आहे, आणि त्यांच्या जन्माची हकीकत तिथे खजुराच्या झाडाजवळ येते. ख्रिस्ती बांधवांचा अकीदा आणि आपला यांत फरक आहे, तो मुलांना शांतपणे, कुणाचीही टिंगल न करता सांगावा. रुडॉल्फ, ग्रिंच, फ्रॉस्टी यांच्यात धर्मकथा नाही. सांता, भेटवस्तू आणि बर्फ आहे. चार्ली ब्राउनच्या चित्रपटात मात्र एक मुलगा बायबलमधला, लूकच्या शुभवर्तमानातला उतारा म्हणून दाखवतो. शुल्झ यांनी तो आग्रहाने ठेवला होता. हे माहीत असलेले अम्मी-अब्बा शेजारी बसून समजावू शकतात. माहीत नसलेले एकतर सगळंच बंद करतात किंवा सगळंच मोकळं सोडतात, आणि दोन्हीत मूल एकटं पडतं. तिथल्या शाळेत डिसेंबरभर हेच वातावरण असतं. घरी विचारता येईल असं कुणी नसलं तर मूल विचारणं थांबवतं.

आणखी एक गोष्ट या दादींना सांगावीशी वाटते. सणासाठी खास कार्टून ही रीत नाताळापुरती उरलेली नाही. इजिप्तमध्ये १९९८पासून रमजानमध्ये 'बक्कार' लागायचं. दक्षिणेकडच्या नूबियन वस्तीतला एक मुलगा आणि त्याची रशीदा नावाची बकरी, एवढाच त्याचा संसार. दुबईत २००६ सालच्या रमजानमध्ये मोहम्मद सईद हारिब यांचं 'फरीज' आलं. झपाट्याने बदलणाऱ्या शहरात आपल्या जुन्या मोहल्ल्यात राहणाऱ्या चार म्हाताऱ्या बायका हे त्यातले नायक! आखातात नोकरी केलेल्या आपल्या कित्येक कोकणी घरांना हे नाव ओळखीचं असेल. आणि मलेशियात २००७ सालच्या रमजानमध्ये 'उपिन आणि इपिन' सुरू झालं, ते मुळात लहान मुलांना रोजा म्हणजे काय हे समजावं म्हणूनच. आईबाप नसलेले पाच वर्षांचे जुळे भाऊ, त्यांना वाढवणारी आजी आणि थोरली बहीण. आधी सहा छोटे भाग होते. पुढे ते इतकं चाललं की आज मलेशियाबाहेरही मुलं ते पाहतात. शिकागोच्या अम्मीला रुडॉल्फच्या जोडीला दाखवायला काही हवं असेल, तर ते आहे.

आपल्याकडेही एका पडद्यासमोर सगळं घर बसल्याच्या आठवणी आहेत. 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट १९७४ सालचा. तो दिग्दर्शित करणाऱ्या विजया मुळे आपल्या मराठी मुलखातल्या, आणि त्यातली चित्रं भीमसेन यांची. दूरदर्शनवर तो इतक्यांदा लागला की एका पिढीच्या तोंडी बसला. १९९३मध्ये रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागे, तेव्हा ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात मोहल्ल्यातल्या मुलांच्या चपलांचा ढीग असे. ते कार्टूनही जपानमध्येच तयार झालेलं. घरात कुठल्या घराण्याचं, कुठल्या धर्माचं मूल बसलं आहे, हे त्या अर्ध्या तासात कुणी मोजत नसे.

मग आपण काय करावं? आमची सूचना साधी आहे. रमजानमध्ये इफ्तार, मगरिब आणि तरावीह यांच्या मधे पडदा आणू नये, त्या वेळेला तिचं स्वतःचं काम आहे. पण ईदच्या दिवशी, नमाज झाली, शीरखुर्मा झाला, भेटीगाठी झाल्या, की दुपारी घर पेंगुळतं आणि प्रत्येक जण आपला मोबाइल घेऊन एकेका कोपऱ्यात जातो. तो अर्धा तास ठरवून एकत्र घालवावा. मोबाइल सगळे एका परडीत, मोठ्यांचेसुद्धा. एखादं कार्टून निवडायचं असेल तर आईवडिलांनी ते आधी स्वतः पाहावं, आणि पुढच्या ईदला तेच लावावं, नव्याच्या मागे लागू नये. दादी-नानींना मधोमध बसवावं. त्यांना कळलं नाही तर नातवंडांनी समजावून सांगावं, मुलांना यात फार मजा येते. आणि चित्रपट संपला की लगेच दुसरा सुरू करू नये. दहा मिनिटं बोलावं: कोण चुकलं, तुला कुणाचं वाईट वाटलं, तू असतास तर काय केलं असतंस?

ज्यांच्याकडे यातलं काही नको असेल, त्यांनी पडद्याशिवाय हेच करावं. आजोबांनी दर ईदला एकच गोष्ट सांगावी, तीच, त्याच शब्दांत. पहिल्या वर्षी मुलं ऐकतील, दुसऱ्या वर्षी "ही माहीत आहे" म्हणतील, आणि तिसऱ्या वर्षी आजोबा एक शब्द चुकले तर दुरुस्त करतील. त्या गोष्टीचे हक्क कुठल्याच कंपनीला विकत घेता येणार नाहीत.

आपल्या घरात ईदच्या दिवशी असं ठरलेलं काही आहे का? एखादी गोष्ट, एखादा खेळ, सर्वांनी मिळून पाहायचं काही? असेल तर आम्हाला चार ओळी लिहून जरूर कळवा. पोस्टकार्ड चालेल, घरातल्या मुलांच्या अक्षरात असेल तर अधिक चांगलं. आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं ईदच्या अंकात याच पानावर छापू, इन्शाअल्लाह.